भिंतीपुढचे वय

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात, बाहेरच्या उन्हाने दिपलेले डोळे आतल्या काळोखाला सरावावेत म्हणून दाराशी थबकलो असताना, भिंतीवरची चित्रे दिसण्याआधी मला भिंतीसमोर बसलेली एक मुलगी दिसली. कुठल्याशा कलाशाळेची सहल आली होती. बाकीची मुले मांडीवर कागद घेऊन, आरशात मुख न्याहाळणाऱ्या त्या सुप्रसिद्ध राजकन्येच्या देहाचा बाक पेन्सिलीत पकडण्यात गढून गेली होती. या मुलीच्या कागदावर मात्र आकृती म्हणून नव्हतीच. तिने रंगीत पेन्सिलींनी नखाएवढे चौकोन एकाला एक लागून भरले होते : गेरूचा तांबडा, पिवळ्या मातीचा पिवळा, शेवाळी हिरवा, काजळाचा काळा, आणि त्यांच्यामध्ये कोठेतरी एकच, जपून ठेवल्यासारखा, मळकट पांढरा. एक चौकोन भरून झाला की ती मान वर करी, डोळे किलकिले करून भिंतीकडे पाही, आणि मग त्याच चौकोनावरून पुन्हा एकदा पेन्सिल फिरवून त्याचा उजळपणा थोडा मारी. त्यांचे शिक्षक मागून आले, तिच्या खांद्यावरून वाकून त्यांनी तो कागद बराच वेळ पाहिला, आणि काही न बोलता ते पुढच्या मुलाकडे वळले.

त्या न बोलण्याचे मला फार मोल वाटले. तरुण चित्रकाराच्या आयुष्यात असा एक काळ येतो, की आपल्याला काय हवे आहे हे त्याच्या डोळ्यांना उमगलेले असते आणि बुद्धीला अद्याप उमगलेले नसते. अशा वेळी ‘हे काय चालले आहे’ हा साधा प्रश्नही त्या कोवळ्या व्यापारात विघ्न आणू शकतो. कारण उत्तर देण्याच्या भरात, जे करीत होतो ते बाजूला राहून जे सांगता येण्यासारखे आहे तेवढेच करण्याकडे मन वळते. एकाच भिंतीसमोर, एकाच प्रकाशात, एकाच वयाची इतकी मुले बसलेली असताना एकीलाच आकृतीऐवजी रंगांचा शेजार का दिसावा? भिंतीने तर तिला इतरांहून अधिक काही दाखविले नव्हते. या विचाराच्या मागोमाग, याच डोंगरात 1936 सालच्या डिसेंबरात येऊन गेलेली, चोविसावे वर्ष पुरे व्हायला अद्याप महिनाभर अवकाश असलेली अमृता शेरगिल मला आठवली, आणि त्या दिवशी लेण्यांतून हिंडताना ती सारखी बरोबर राहिली.

पण अमृतेकडे वळण्यापूर्वी भिंतीपाशी थोडे थांबायला हवे. वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर कोरलेल्या या लेण्यांपैकी नवव्या आणि दहाव्या लेण्यातील जुनी चित्रे ख्रिस्तपूर्व शतकांतील. बाकीचे बहुतेक वैभव पाचव्या शतकातले, वाकाटक नृपती हरिषेण याच्या अमदानीतले, आणि सोळावे लेणे कोरविणाऱ्या त्याच्या सचिवाचे, वराहदेवाचे, नाव तेथल्या शिलालेखात आजही वाचता येते. टाकीच्या घावांनी खडबडीत राहिलेल्या कातळावर माती, भुसा आणि वनस्पतींचे तंतू कालवून केलेला गिलावा चढवायचा, त्यावर चुन्याचा पातळ हात द्यायचा, आणि तो सुकल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात खललेले रंग भरायचे, अशी ती रीत. रंगही बव्हंशी भोवतालच्या मातीतलेच : गेरू, पिवळी माती, हिरवी माती, दिव्याची काजळी, चुना. निळा तेवढा परमुलखातून आलेल्या लाजवर्दाचा, आणि म्हणूनच तो जेथे भेटतो तेथे एखाद्या पाहुण्यासारखा आब राखून असतो. ज्यांनी हे काम केले त्यांच्यातही कोणी विशीतले असतील, नुकतेच हाताखाली आलेले, कोपऱ्यातली पाने आणि पायाशी बसलेले हंस रंगविण्यापुरते ज्यांच्यावर सोपविलेले. पण त्यांची नावे कोणत्याच लेखात कोरलेली नाहीत.

1819 साली शिकारीच्या निमित्ताने या दरीत आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यामुळे ही लेणी पुन्हा जगाच्या नजरेस आली, आणि तेव्हापासून या भिंतींसमोर नकला करणाऱ्यांची जी रीघ लागली ती जवळजवळ शंभर वर्षे सरली नाही. मद्रासच्या फौजेतील रॉबर्ट गिल याची 1844 साली या कामावर नेमणूक झाली, आणि मग त्याचे अवघे उरलेले आयुष्य याच मुलखात गेले. त्याची कबर भुसावळला आहे. त्याने वर्षानुवर्षे खपून केलेल्या मोठमोठ्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या होत्या, आणि 1866 सालच्या आगीत त्या बहुतेक साऱ्या भस्मसात झाल्या. पुढे 1872 पासून 1885 पर्यंत मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन हंगामाहंगामाला येथे मुक्काम ठोकीत राहिले, आणि त्या नकलांपैकीही पुष्कळ नकला 1885 साली लंडनमध्येच आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. चित्र अधिक स्पष्ट दिसावे म्हणून नकलाकारांनी भिंतीवर चढविलेले रोगण पुढे पिवळे पडले, आणि ज्या रंगांवर त्यांचे एवढे प्रेम होते त्या रंगांनाच त्याने झाकोळून टाकले.

ग्रिफिथ्स यांच्याबरोबर आलेल्या त्या मुलांचा, पेस्तनजी बोमनजी आणि त्याच्या सोबत्यांचा, विचार माझ्या मनात वारंवार येतो. ती मुंबईच्या शाळेत युरोपीय पद्धतीने छायाप्रकाश घासायला शिकलेली मुले. त्यांना हुकूम होता तो हुबेहूब नकलेचा : जेथे पोपडा उडाला आहे तेथे पोपडाच काढावा, आपल्या पदरचे काही घालू नये. पेस्तनजी पुढे तैलरंगातील व्यक्तिचित्रांसाठी नावाजला गेला. अजिंठ्याची रेषा त्याच्या पुढच्या कामात शोधू जाता सहसा सापडत नाही. असे का व्हावे? इतकी वर्षे त्या भिंतीच्या इतक्या निकट, जवळजवळ श्वासाच्या अंतरावर राहूनही ती त्याच्या हातात का उतरू नये? त्याचा हात उणा होता असे नव्हे, आणि त्याची निष्ठाही उणी नव्हती. मला वाटते, त्या वयात त्याला जे शिकायचे होते, जे त्याच्या अंतःकरणाला खरोखर हवे होते, ते दुसरीकडे होते. भिंत त्याच्याकडे कामगिरी म्हणून आली होती, आणि त्याने ती कामगिरी सचोटीने पार पाडली.

1909 पासूनच्या दोन हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम नावाची इंग्रज चित्रकर्ती पुन्हा नकला करण्यासाठी आली, तेव्हा कलकत्त्याहून चित्रकार अवनींद्रनाथांचे शिष्य तिच्या मदतीला आले होते. नंदलाल बोस सत्तावीस वर्षांचे होते, असितकुमार हलदार तर विशीच्या उंबरठ्यावर. त्यांचीही रवानगी नकलेसाठीच झालेली, कागद तोच, शिड्या त्याच, आणि अंधारही तोच. पण ही मुले घरून निघतानाच काहीतरी शोधीत निघाली होती. परकी सत्ता, परक्या शाळा आणि परकी चित्रे यांच्या गराड्यात आपले म्हणता येईल असे एखादे चित्र असेल का, असा ध्यास त्यांच्या गुरूने त्यांना लावून दिला होता. नंदलालांना येथे रेषा मिळाली : खांद्यापासून बोटाच्या अग्रापर्यंत एका श्वासात उतरणारी, देहाचे वजन सांगणारी आणि तरीही हलकी राहणारी रेषा. शांतिनिकेतनातील त्यांच्या पुढच्या कारकिर्दीत आणि 1938 सालच्या हरिपुरा काँग्रेससाठी त्यांनी रंगविलेल्या ग्रामजीवनाच्या चित्रफलकांत ती रेषा अजिंठ्याचा उच्चारही न करता वावरताना दिसते.

आणि मग अमृता. तिची गोष्ट निराळी, कारण ती येथे नकलेसाठी आलीच नव्हती, आणि येथे येण्यापूर्वी तिच्यापाशी गमावण्यासारखे पुष्कळ काही होते. 1913 साली बुडापेस्टमध्ये जन्मलेली ही मुलगी. आई हंगेरियन, संगीतात रमणारी. वडील उमरावसिंग शेरगिल, मजिठियांच्या सरदार घराण्यातले, संस्कृत आणि फारसी ग्रंथांत गढलेले, आणि छायाचित्रणाचा जबर छंद असलेले. त्या काळच्या घरांत तसबीर म्हणजे सणासुदीला सजून काढावयाची वस्तू होती; उमरावसिंगांच्या घरी कॅमेरा रोजचाच होता. मुली वाचताना, मुली पोशाख करताना, स्वतः ते ध्यानस्थ बसलेले, आरशापुढे, पडद्यापुढे, अशा कित्येक प्रतिमा त्यांनी टिपून ठेवल्या. आपल्याकडे कोणीतरी निरखून पाहत आहे ही जाणीव अमृतेच्या बालपणातच मुरलेली होती, आणि पुढे तिने स्वतःची जी अनेक चित्रे काढली, कधी हसरी, कधी उद्धट, कधी खोल विषण्ण, त्यांच्या तळाशी वडिलांचा तो कॅमेरा असावा असे मला नेहमी वाटते. प्रेरणेचे हे झरे असेच असतात. ज्या गुरूचे नाव आपण अभिमानाने सांगतो त्याच्याकडून हात तयार होतो. पण डोळा पुष्कळदा घरातल्याच कोणाकडून, त्याच्याही नकळत, उसना घेतलेला असतो.

सोळाव्या वर्षी ती पॅरिसला गेली, आणि लुसियाँ सिमाँ यांच्या हाताखाली तेथल्या मातब्बर कलाशाळेत तिची तालीम झाली. तैलरंगाचा जाड, मांसल लेप, नग्न देहाचा अभ्यास, खिडकीतून तिरका येणारा आणि गालावर एका बाजूनेच पडणारा प्रकाश, हे सारे तिने इतक्या लवकर आत्मसात केले की, 1932 साली रंगविलेल्या ‘तरुण मुली’ या चित्राला पुढच्या वर्षी पॅरिसच्या ग्रँड सलाँमध्ये सुवर्णपदक मिळाले आणि ती त्या संस्थेची सहयोगी सदस्य झाली. त्या वेळी ती वीस वर्षांची होती. एवढ्या लहान वयात एवढी मान्यता पदरी पडली की साधारण माणूस तेथेच वतनदार होऊन बसतो. हिच्या मनाने मात्र नेमकी त्याच सुमारास दिशा बदलली. सेझान आणि गोगँ यांच्या चित्रांनी तिला आधीच अस्वस्थ करून सोडले होते. विशेषतः गोगँच्या त्या सपाट, उष्ण रंगांच्या पसाऱ्याने आणि निश्चल बसलेल्या सावळ्या स्त्रियांनी. 1934 साली तिने स्वतःला ताहितीच्या स्त्रीच्या रूपात रंगविले. तो सावळा देह, ती पाठीमागची पुरुषी छाया, आणि कोठेतरी दूर लागलेली नजर पाहताना असे वाटते की, एका फ्रेंच चित्रकाराने कल्पिलेल्या पौर्वात्य स्त्रीच्या जागी स्वतः उभे राहून तिने आपले देशांतर आधीच सुरू केले होते.

त्याच वर्षी युरोपातून आईवडिलांना लिहिलेल्या एका पत्रात तिने म्हटले होते की, अजिंठ्याचे एक भित्तिचित्र किंवा पॅरिसच्या म्यूझे गिमे या संग्रहालयातील भारतीय शिल्पाचा एखादा लहानसा तुकडा आपल्याला सबंध रेनेसाँसहून मोलाचा वाटतो, आणि युरोपात राहिलो नसतो तर हे आपल्याला कदाचित कधीच कळले नसते. अजिंठ्याच्या भिंतीसमोर उभी राहण्याच्या दोन वर्षे आधीचे हे उद्गार आहेत. जे प्रत्यक्ष पाहिलेले नाही त्याच्याविषयी एवढ्या ठामपणे बोलण्याचे धाडस तारुण्यच करू जाणे. पण त्या धाडसाच्या पोटात एक सत्य होते. तिला भिंत ठाऊक नव्हती, पण स्वतःची उणीव अचूक ठाऊक होती. आपल्या चित्रांत कौशल्य पुष्कळ आहे, पण ज्याने ते कौशल्य आवरले जाईल असे काही नाही, हे तिला कळून चुकले होते.

1934 संपता संपता ती हिंदुस्थानात परतली, आणि 1935 साली शिमल्याला तिने पहाडी स्त्रीपुरुषांची चित्रे काढली. लांबट चेहरे, खाली वळलेल्या पापण्या, अंगावर जाड कापडाचे ओझे, आणि एकमेकांना खेटून उभे राहूनही प्रत्येकाचे स्वतंत्र, अभेद्य एकाकीपण. तेथील वार्षिक प्रदर्शनाने तिची काही चित्रे नाकारून एकाला पारितोषिक देऊ केले, तेव्हा तिने ते पारितोषिक परत पाठविले. ही पहाडी चित्रे आज मोठी म्हणून ओळखली जातात, आणि ती मोठी आहेतही. तरी मला त्यांच्यात एक धडपड जाणवते. वेश बदलला आहे, चेहरे बदलले आहेत, करुणा खरी आहे, पण रंग अजून हातचे राखून वागतात आणि आकृती अजून एखाद्या कार्यशाळेतील मॉडेलासारख्या बसतात. आपल्या देशात परतलेल्या तरुणीला देश दिसू लागला होता. तो कोणत्या व्याकरणाने मांडावा हे अद्याप उमगायचे होते.

1936 च्या नोव्हेंबरात तिच्या चित्रांचे प्रदर्शन मुंबईत ताजमहाल हॉटेलात भरले, आणि तेथे तिला कार्ल खंडालावाला भेटले. व्यवसायाने बॅरिस्टर, वृत्तीने अस्सल रसिक असलेल्या या गृहस्थांनी तिची चित्रे पाहिलीच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपल्या संग्रहातील लघुचित्रे तिच्यापुढे उलगडली. बसोहलीच्या चित्रांतील तापलेला तांबडा, त्याला खेटून बसलेला गर्द हिरवा आणि मोहरीचा पिवळा, यांची तिच्यावर मोहिनी पडली. पुढे या दोघांत जो पत्रव्यवहार झाला तो तिच्या कलेच्या वाटचालीचा मोलाचा दस्तऐवज आहे. मुंबईहून ती अजिंठा-वेरूळकडे निघाली. तो सारा मुलूख तेव्हा निजामाच्या संस्थानात होता. निजाम सरकारच्या पुराणवस्तू खात्याचे संचालक गुलाम याजदानी यांच्या देखरेखीखाली लेण्यांची डागडुजी झालेली होती, आणि इटलीहून खास आणविलेल्या कारागिरांनी सुटू पाहणारे गिलावे पुन्हा कातळाला बसविले होते.

या लेण्यांत तिने काय पाहिले असेल हे तिच्या शब्दांपेक्षा तिच्या पुढच्या कॅनव्हासांवरून ताडून पाहणे मला आवडते. अजिंठ्याची लांब डोळ्यांची सुंदरी, कमळ धरलेली नाजूक बोटे, डौलदार त्रिभंग, हे जे बाहेरचे लेणे आहे ते तिच्याआधी पुष्कळांनी उचलले होते, आणि बंगालच्या चित्रकारांनी त्याला दिलेल्या स्वप्नाळू, फिकट रूपावर तर तिचा उघड रोष होता. तिने उचलले ते निराळेच. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीच्या भोवती माणसे, माकडे, मोर, झाडे यांची जी दाटी आहे, तिच्यात मोकळी जागा म्हणून जवळजवळ नाहीच, आणि तरीही गुदमरल्यासारखे होत नाही. कारण प्रत्येक आकार शेजारच्या आकाराला वाट देऊन उभा आहे. तेथे प्रकाश खिडकीतून येत नाही. तो आकृतींच्या अंगातच आहे, म्हणून सावली कोणत्याही एका बाजूला पडत नाही. सावळ्या देहाच्या पाठीमागे गडदच भूमी आहे, आणि तरीही देह हरवत नाही, कारण एखाद्या मोत्याच्या सराचा किंवा डोळ्याच्या कोपऱ्याचा पांढरा तेवढा जपून ठेवलेला आहे. पॅरिसमध्ये शिकलेल्या हाताला हे सारे म्हणजे आजवरच्या सवयी मोडण्याचा आदेशच होता.

दक्षिणेकडे जाताना हैदराबाद, त्रिवेंद्रम, कन्याकुमारी असा तिचा प्रवास झाला. मट्टनचेरीच्या राजवाड्यात तेथल्या भित्तिचित्रांसमोर बसून तिने रेखाटने केली. आणि केरळच्या रस्त्यांवर तिला काळ्याभोर अंगांवर नेसलेली पांढरी शुभ्र वस्त्रे दिसली. शिमल्यास परतल्यावर 1937 साली तिने तीन मोठी चित्रे रंगविली : ‘वधूचा शृंगार’, ‘ब्रह्मचारी’ आणि ‘बाजारास निघालेले दक्षिणी ग्रामस्थ’. ‘वधूचा शृंगार’ या चित्रापुढे दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात उभे राहिले की प्रथम जाणवते ती निःशब्दता. मध्यभागी उजळ कांतीची वधू बसली आहे. तिच्या पाठीशी सावळी स्त्री तिचे केस सावरते आहे. आणि वधूचे मेंदीने माखलेले तळहात असे उघडे ठेवले आहेत की, ते सजविण्यासाठी आहेत की काही मागण्यासाठी हे ठरविता येऊ नये. सतराव्या लेण्यातील आरसा पाहणाऱ्या राजकन्येचाही प्रसंग शृंगाराचाच. पण त्या राजकन्येला स्वतःच्या रूपाचा आनंद आहे, आणि या वधूपाशी आरसाच नाही. ‘ब्रह्मचारी’ या चित्रात पाच बटू, उघडी अंगे, पांढरी धोतरे, छातीवर जानवी. गोऱ्यापासून काळ्यापर्यंत प्रत्येकाचा वर्ण निराळा, आणि मागे भाजलेल्या मातीची तांबडी भूमी. पांढरा येथे अगदी मोजूनमापून वापरलेला आहे. अजिंठ्याची एकही आकृती यात नाही, आणि अजिंठ्यावाचून यातले एकही चित्र झाले नसते.

दुधाला विरजण लागते ते दूध कोमट असताना. उकळत्या दुधात घातले तर ते फाटते, थंडगार दुधात घातले तर रात्रभर तसेच पडून राहते, आणि दोन्ही वेळा दोष काही विरजणाचा नसतो. पेस्तनजीपाशी, नंदलालांपाशी आणि अमृतेपाशी भिंत तीच होती. कलेच्या शिक्षणात आपण थोरामोठ्यांची चित्रे मुलांपुढे ठेवतो, त्यांना सहली घडवितो, चांगले ग्रंथ हाती देतो, आणि हे सारे केलेच पाहिजे. परंतु ते कोणाच्या ठायी कधी लागेल, याची सनद कोणापाशीही नसते. एखाद्याला अठराव्या वर्षी लागते, एखाद्याला चाळिसाव्या; आणि ज्याला लागले त्याला ते पुष्कळदा नंतर कळते, जेव्हा हातून निघालेल्या कामाकडे तोच परक्यासारखा पाहत उभा राहतो.

याच 1937 साली बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनात अमृतेच्या ‘तीन मुली’ या चित्राला सुवर्णपदक मिळाले. ते चित्र 1935 सालचे, म्हणजे अजिंठ्याच्या आधीचे. मान्यता ही नेहमीच अशी एक मुक्काम मागे राहून चालत येते, आणि तरुण कलावंताची खरी कसोटी येथेच लागते. कारण लोक ज्याचे कौतुक करीत असतात ते त्याने केव्हाच ओलांडलेले असते, आणि जे तो आज करीत असतो त्याला अद्याप नाव मिळालेले नसते. कौतुकाच्या दिशेने वळून तेच ते पुन्हा काढण्याचा मोह केवढा मोठा असेल! अमृतेने तो मोह मानला नाही, एवढेच नव्हे, तर ज्या तीन चित्रांत तिला आपले व्याकरण गवसले तेथेही ती रेंगाळली नाही.

1938 साली ती हंगेरीस गेली, डॉक्टर व्हिक्टर एगन या आपल्या आईकडच्या नात्यातल्या तरुणाशी तिने विवाह केला, आणि 1939 साली दोघे परत येऊन गोरखपूरजवळच्या सराया येथे, शेरगिलांच्या साखर कारखान्याच्या परिसरात राहिली. तेथे भिंती नव्हत्या, लेणी नव्हती, कलेविषयी बोलायला फारसे कोणी नव्हते. होते ते संथ दुपारी बाजेवर लवंडलेल्या बायका, हळद कुटणाऱ्या बायका, हत्ती, आणि ऊन. भव्य भित्तिचित्राचा आवाका तिने हळूहळू सोडला. चित्रे आकाराने लहान होत गेली, माणसे लहान झाली, झाडे आणि अंगणे मोठी झाली, आणि मुंबईस खंडालावालांच्या घरी पाहिलेला तो बसोहलीचा तांबडा, तो हिरवा, इतक्या काळाने तिच्या कॅनव्हासवर फुलून आला. 1940 सालच्या ‘हळद कुटणाऱ्या’ या चित्रात झाडांच्या काळसर बुंध्यांच्या आडोशाने बसलेल्या त्या स्त्रिया पाहिल्या की, ही ‘ब्रह्मचारी’ काढणाऱ्याच हाताची कृती आहे यावर क्षणभर विश्वास बसत नाही.

ज्यांना ती अजिंठ्याचीच राहावी असे वाटते त्यांची हळहळ मी समजू शकतो. ती तीन दक्षिणी चित्रे इतकी पूर्ण आहेत की, त्यांच्यापुढे जाण्याचे कारण दिसत नाही. पण शैली सापडणे म्हणजे घर बांधून होणे असे आपण जे धरून चालतो, ते कदाचित वयस्कांचे मत असेल. तिच्या चित्रांच्या क्रमाकडे पाहताना मला वाटते की, तिला भिंतीने एखादी शैली दिलीच नव्हती. आपल्याला काय नको आहे हे निर्भयपणे ओळखण्याची सवय तेवढी दिली होती, आणि ती सवय एकदा अंगी बाणल्यावर तिने भिंतीलाही सूट दिली नाही. 1941 च्या शरदात ती लाहोरला गेली, प्रदर्शनाची तयारी चालली होती, आणि डिसेंबरात अल्पशा आजाराने, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी ती गेली. तेथल्या गच्चीवरून दिसणारी घरे आणि खाली म्हशी असलेले एक चित्र तिच्यामागे अपुरे राहिले. त्यात रंगांची पुन्हा नवीनच मांडणी आहे, आणि आकार आणखी मोकळे झालेले आहेत. ते कोणत्या वाटेचे पहिले पाऊल होते, याची अटकळ आजवर अनेकांनी बांधली आहे.

मला मात्र अटकळ बांधावीशी वाटते ती दुसरीच. गिल, ग्रिफिथ्स, नंदलाल, अमृता या साऱ्यांनी भिंती पाहिल्या. लेण्यांची छते अजून तशीच आहेत : कमळे, हंस, फणस, आंबे, पहिल्या लेण्यातला तो गुलाबी हत्ती, एकाशेजारी एक मांडलेल्या चौकोनांत कोणत्याही कथेच्या बंधनावाचून रंगविलेले; आणि जेथे गिलावा गळून पडला आहे तेथे कातळाचे काळे नकाशे. मान दुखेपर्यंत वर पाहण्याइतका वेळ सहलीच्या गर्दीत कोणाला मिळत नाही, आणि नकला करणाऱ्यांनी तिकडे लक्ष दिले तरी ते बहुधा नक्षीचे नमुने म्हणून. ज्याला छताकडे पाहता पाहता आपली वाट सापडेल, असा चित्रकार अजून यावयाचा असेल. किंवा तो येऊनही गेला असेल, मुंबईत किंवा जळगावात किंवा आणखी कोठे खोलीत काम करीत असेल, आणि त्याचे काम आपल्यापर्यंत पोचायला अजून काही वर्षे लागतील.